हळहळ खरी, आरोपी चुकीचा

दर दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्याकडे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ठरलेला वाद पेटतो. एका बाजूला पन्नाशी-साठी ओलांडलेली मंडळी. त्यांची यादी तयार असते: विटीदांडू, तासाच्या भाड्याची सायकल, चाळीच्या गॅलरीतल्या गप्पा, आंतरदेशीय पत्र, गच्चीवर वाळत घातलेले पापड, शेजारच्या घरात न विचारता जाऊन बसणं. यादीच्या शेवटी निकाल: मोबाईलने सगळं गिळलं. दुसऱ्या बाजूला त्यांचीच मुलं आणि भाचरं. त्यांचंही उत्तर ठरलेलं: एवढंच होतं तर हे पोस्टकार्डावर लिहून का नाही पाठवलंत? हा विनोद पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं होतं. आता तो त्या यादीइतकाच शिळा झालाय. मग एखादे काका रुसतात, एखादी मावशी हात जोडल्याचं चित्र टाकून विषय मिटवते आणि पुढच्या सुट्टीपर्यंत शांतता.

मी यादीवाल्यांच्याच वयाची. त्या यादीतलं बरंचसं मी भोगलंय आणि त्यातल्या काही गोष्टींची मलाही आठवण येते. तरी हा वाद दोन्ही बाजूंनी अतिशय आळशीपणे घातला जातो, असं माझं मत आहे. जे गेलं त्याची हळहळ खरी आहे. तो म्हातारपणाचा चाळा नव्हे. पण ते नेलं म्हणून ज्याला आपण पिंजऱ्यात उभं करतो, तो मोबाईल बहुतेक बाबतींत आरोपीच नाही. मैदानं, मोकळा वेळ, शेजार, मुलाने शाळेत एकट्याने चालत जावं असा रस्ता, या गोष्टी कुणीतरी निर्णय घेऊन, सह्या करून विकल्या किंवा हातातून जाऊ दिल्या. आणि त्या दिवसांत जे वाईट होतं तेही काळाच्या ओघात आपसूक गेलेलं नाही, माणसांनी भांडून घालवलेलं आहे. सगळं मोबाईलवर ढकललं की विकणारे सुटतात आणि भांडणाऱ्यांचं श्रेय बुडतं.

आधी आठवणींबद्दल. जुना काळ कसा होता हे तो कुठे उभं राहून बघितला त्यावर ठरतं, आणि महाराष्ट्राला हे नवं नाही. पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतर कित्येक वर्षं दुसऱ्या बाजीरावाचा रमणा (ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचं आवार), दक्षिणा आणि पंक्ती आठवून उसासे टाकणारे लोक पुण्यात होते. १८४८ पासून लोकहितवादींनी ‘प्रभाकर’मधल्या पत्रांतून त्यांची चांगलीच हजेरी घेतली, आणि १८७४ नंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून लोकहितवादींची. म्हणजे आज आपण जो घोळ घालतो तो पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. पण या दोघांच्या मधे, १८५५ साली, ‘ज्ञानोदया’त एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे तिचं नाव. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, मांग समाजातली. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं तिने लिहिलं. तेच पुणं, तोच बाजीराव. रमण्यात दक्षिणा मिळालेल्या घरात एक आठवण उरली, मुक्ताच्या घरात दुसरी. जुन्या मैदानी खेळांचं कौतुक चाललेलं असताना मला हे वाक्य नेमकं आडवं येतं.

उदाहरण फार जुनं आणि फार टोकाचं वाटत असेल, तर साठ-सत्तर सालातलं कुठलंही गाव घ्या. तेव्हा गावात सगळे एकमेकांना ओळखायचे, असं आपण किती कौतुकाने म्हणतो. ओळखायचे, म्हणूनच तर कुणी कुठल्या विहिरीवर चढायचं नाही हे न सांगता ठरलेलं असे. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा; त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९७० च्या दशकात, बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडावं लागलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं, तेव्हा गावपणावर प्रेम करणाऱ्या सभासदांना ते झोंबलं होतं. शहरात आपल्याला कुणी ओळखत नाही म्हणून ज्यांना हायसं वाटलं, आडनाव न विचारता ज्यांना हॉटेलात इतरांच्याच कपातून चहा मिळाला, त्यांनी यादी लिहायला घेतली तर ती अगदी वेगळी निघेल.

बायकांच्या बाबतीत हिशेब आणखी सरळ आहे. जातं घ्या. पहाटे चारला उठायचं, एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाण्यांची वैरण घालत राहायची. घरात खाणारी तोंडं जास्त असली की हे उजाडेपर्यंत चालायचं. तळहाताला घट्टे पडायचे; बाळंतीण जरा हिंडूफिरू लागली की पुन्हा जात्यावर. त्या कष्टातून ओवी आली. माहेरची ओढ, भावाची वाट, सासुरवास, विठ्ठल, सगळं त्या दगडापाशी बोललं गेलं. मग गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी विसरली जाऊ लागली. हे नुकसान खोटं आहे का? मुळीच नाही. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या, तर नुकसान केवढं होतं हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं. पण ज्या बायकांनी त्या ओव्या गाऊन दिल्या, त्यांतल्या किती जणी घरचं दळण पुन्हा जात्यावर न्यायला राजी झाल्या असत्या? गिरणीच्या पिठाच्या भाकरीला चव नाही, ही तक्रार मी लहानपणी पुष्कळ ऐकली. ती करणाऱ्यांत खुंटा धरलेला एकही हात नव्हता. आमच्या एका आत्याबाईंनी यावर एकदाच तोंड उघडलं: “चव पाह्यजे त्यानं पहाटं उठावं.”

हळहळणारे आणि हसणारे, दोघांचीही चूक इथे एकदम दिसते. पहिल्यांना ओवी आठवते, दळण आठवत नाही. दुसरे दळण गेलं म्हणून खूश. ओवीबरोबर बायकांची एकमेकींशी मोकळं बोलायची जागा गेली, हे त्यांच्या गावीही नाही. ती जागा पुढे थोडीफार मिळाली ती महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत. ती काही गिरणीने आणून दिली नाही.

जात्यानंतर स्टोव्ह. पंप मारणं, पिन करणं, रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहणं, हे सगळं आता गमतीने सांगितलं जातं. त्याच काळातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू झाल्याची बातमी इतकी नेहमीची होती की वाचणारा नुसतं पान उलटायचा. स्टोव्ह सुनांच्याच अंगावर कसा भडकतो, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब ही कलमं आली. घराघरांत गॅस आला म्हणून सुनांचे हाल आपोआप कमी झाले असं ज्यांना वाटतं, त्यांना गॅसही कळला नाही आणि हुंडाही.

आणि ‘आम्ही मातीत लोळलो, ओढ्याचं पाणी प्यायलो, काही झालं नाही आम्हाला’? १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला होता, महाराष्ट्रात १६ वर. ज्यांना काही झालं ते आठवणी सांगायला उरलेच नाहीत. आमच्या पिढीच्या शाळेत कॅलिपर लावून चालणारं एखादं मूल ओळखीचं असायचंच. आजच्या पहिलीच्या वर्गात ते दिसत नाही. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्यामागे मुलांच्या करंगळीला शाई लावत, दारांवर खडूने खुणा करत उन्हातान्हात हिंडलेल्या अंगणवाडीताई आणि आरोग्यसेविका आहेत. त्यांचं नाव ना जुन्यांच्या यादीत, ना नव्यांच्या.

इथवर वाचून नव्या बाजूला टाळ्या वाजवाव्याशा वाटत असतील, तर जरा थांबा. ‘तंत्रज्ञानाने आयुष्य सोपं केलं’ हेही अर्धवटच वाक्य आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत घरी फोन मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागे आणि परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावं लागे. टेलिफोनचा शोध लागून तेव्हा शंभर वर्षं उलटली होती. यंत्र होतं, सामान्य माणसाला ते मिळावं ही इच्छा नव्हती. १९८४ साली सी-डॉट या दूरसंचार संशोधनाच्या सरकारी संस्थेची स्थापना झाली, देशी एक्स्चेंज बनली, नाक्यानाक्यावर पिवळे एसटीडी बूथ उघडले आणि त्यांतले कितीतरी अपंगांना चालवायला मिळाले. तो एका सरकारी धोरणाचा परिणाम होता. यंत्र आलं की सुख आपोआप झिरपतं, ही समजूत यंत्र आलं की सुख आपोआप नासतं या समजुतीइतकीच भोळी आहे.

शिवाय आजच्या सोयींमागचे हात तरी आपल्याला कुठे दिसतात? दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. ती आणणारा पोरगा भर पावसात, खड्ड्यांतून, मोबाईलवरच्या घड्याळाकडे बघत गाडी मारत असतो. पडला तर दवाखान्याचा खर्च कुणी करायचा हे त्याला पुरतं ठाऊक नसतं. तीस-चाळीस वर्षांनी आजचे तरुण मिटल्या डोळ्यांनी सांगतील, ‘काय दिवस होते, बोट लावलं की वस्तू हजर!’ तेव्हा तो पोरगा त्यांच्या आठवणीत असेल का? जात्यावरची बाई आपल्या आठवणीत जेवढी आहे, तेवढाच.

आता जुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे खरोखर वजनदार मुद्दे. त्यांना हसून उडवणं हा उद्धटपणा होईल. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेने ते मेले, यात शंका नाही. अफवा पूर्वीही पसरत. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली. तेव्हा बहुतेकांच्या हातात मोबाईल नव्हता. पण त्या दिवशी दूध वाया गेलं, माणसं नाही, आणि अफवेला मिळालेल्या वेगाचा यात वाटा नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं आहे. तसंच जुगाराचं. मटका आमच्या लहानपणीही होता, घरं त्यानेही धुतली. पण मटकेवाला रात्री एक वाजता उशाशी येऊन बसत नव्हता आणि क्रिकेटपटू त्याची जाहिरात करत नव्हते.

तरी एक गोष्ट बघा. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. घालता येत होती, म्हणजे आधीही घालता आली असती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तोही कितीतरी घरं बसल्यावर. यंत्राच्या पोटातसुद्धा कुणाचे तरी निर्णय असतात. त्याला जादूटोणा समजून कपाळावर हात मारणं, हे त्या कंपन्यांना सगळ्यात सोयीचं आहे.

म्हाताऱ्या माणसांचं दुखणं याहून साधं आणि जास्त रोजचं. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवायचा. ज्या बाईने चाळीस वर्षं विटा उचलल्या, भांडी घासली, तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. ती पदराला पुसून अंगठा ठेवते, मग थोडं तेल लावून, मग दुसरं बोट. मशीन लाल दिवा दाखवतं. मागची रांग चुळबुळ करते. “मावशी, उद्या या.” ही बाई जुन्या काळाची आठवण काढत असेल तर तिला अडाणी म्हणायचा हक्क कुणालाही नाही. पण तिची अडचण नीट ऐका. मशीन नको, असं तिचं म्हणणंच नसतं. अंगठा उमटला नाही तर काय करायचं हे दुकानदाराला नीट माहीत असावं आणि त्याने ते करावं, एवढंच तिला हवं असतं. बँकेच्या खिडकीवर ‘अ‍ॅपवरून करा’ म्हणून परत पाठवले जाणारे आजोबाही तेवढंच मागतात. दुसरा रस्ता बंद करणं ही तंत्राची गरज नसते, व्यवस्थेची काटकसर असते.

सर्वांत अवघड मुद्दा वेळेचा. सगळं इतकं झटपट होत असताना पूर्वी मिळायचा तो निवांतपणा गेला कुठे? या प्रश्नाचं उत्तर तरुणांकडे नाही, आणि मोबाईलकडे बोट दाखवणाऱ्यांकडेही नाही. ते मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडतं. ज्या निवांत रविवारची आपण आठवण काढतो, तो रविवार कामगारांना १८९० साली मिळाला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या हजारो सह्या गोळा करून, सभा घेऊन मालकांना भाग पाडल्यावर. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर अंधार पडला की काम थांबायचं. दिव्यांमुळे पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली. कामगार चिडले, दंगा झाला. तेव्हाही कुणी म्हणू शकलं असतं की दिवे वाईट, कंदिलाचा काळ बरा होता. पण उपाय निघाला तो कायद्यातून: १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली, आणि ती पुढे आणखी खाली आणावी लागली.

आज साहेबाचा मेसेज रात्री साडेदहाला येतो. दिवसाचं काम ताणायला तेव्हा दिवा वापरला, आता फोन. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं. त्याचं पुढे काय झालं हे किती जणांनी विचारलं? संध्याकाळी वडील घरी आले की घरचेच असायचे, याची आठवण काढणाऱ्या एकाही यादीत मी या विधेयकाचा उल्लेख बघितलेला नाही.

आणि चाळ. यादीतला सगळ्यात हळवा भाग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळते. गिरणगावातल्या चाळीत दार उघडं असे, एकाच्या घरी आजारपण आलं की दुसऱ्याच्या घरून डबा येई, गणपतीत सगळा मजला एक घर होई. खरं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं, नळाला पाणी येण्याआधीची भांडणं आणि सकाळी टमरेल घेऊन संडासाची रांग, हेही खरं आहे. त्या रांगेत पोटुशी बाई उभी असली तर तिची काय अवस्था होई, हे आठवणींत येत नाही. पण चाळ संपली कशाने? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मिटलाच नाही. माणसं उद्‌ध्वस्त झाली, पोरं गावाला गेली किंवा वाया गेली. देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा, आणि सामान्यांच्या हातात फोन यायला त्यापुढेही बरीच वर्षं लागली. तोवर गिरणगाव मोडलेलं होतं.

मग जमिनीचा प्रश्न आला. सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या मध्यभागी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाचा ढोबळ अर्थ असा होता की गिरणीची जमीन विकायला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ साली या नियमात बदल झाला: वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, जिथे बांधकाम नाही तेवढ्याच तुकड्याची करायची. गिरणीत मोकळी जमीन असते किती? शेड, गोदामं, खाती यांनीच ती भरलेली. उच्च न्यायालयात हा बदल टिकला नाही, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्या एका दुरुस्तीने दोनशे-दोनशे एकरांची मैदानं आणि घरं होता होता राहिली, आणि तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले. लोअर परळच्या पुलावरून जाताना ‘आता मुलं खेळत नाहीत हो, सारखी मोबाईलमध्ये’ असं म्हणणारे काका डावी-उजवीकडे बघत नाहीत काय? मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर भरते. एवढ्या जागेत विटीदांडूची गल्लीसुद्धा खणता येणार नाही.

कुणी म्हणेल, लोकांनाच स्वतंत्र फ्लॅट हवा होता. हो, हवा होता आणि हवाच. वरळीच्या बीडीडी चाळीतली पहिली कुटुंबं २०२५ साली १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेली, तेव्हा त्यांच्यातल्या कुठल्या बाईला सामाईक संडासाची आठवण येऊन रडू आलं असेल? पण स्वतःचा संडास हवा म्हणजे शेजार नको, असं कुणी कुठे मागितलं होतं? घरात संडास आणि बाहेर रुंद गॅलरी हे एकत्र बांधायला कुठलंही शास्त्र आड येत नाही. अरुंद, काळोख्या मजल्यावर सात-आठ दारं एकमेकांकडे पाठ करून बसवली की उघड्या दाराची सवय वर्षभरात मोडते. तो नकाशा कुणीतरी मंजूर केलेला असतो.

पुण्याचं सांगायचं तर फार लिहायलाही नको. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या गावात २०१८ साली नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेली. बस वेळेवर आली नाही, रस्त्यावर सायकलला जागा उरली नाही. मग दुचाकी आली आणि पाठोपाठ ‘मुलांना एकटं कसं सोडायचं’ हा प्रश्न आला. खेड्यात तेच एसटीचं. फेरी बंद झाली की आधी मुलींची शाळा सुटते, मग गावातली मोटरसायकल वाढते. यात मोबाईल कुठे आला?

उलट तो जिथे येतो तिथे काय करतो, तेही बघण्यासारखं आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोड्या निघतात. मागे आजीजवळ ठेवलेली पोरं पूर्वी हंगाम संपेपर्यंत आई-बापाचं तोंड बघत नसत. कुणी आजारी पडलं तर निरोप पोचेपर्यंत माणूस बरा तरी व्हायचा नाहीतर जायचा. आता संध्याकाळी फडातून फोन येतो. पडद्यावर मागे कोप, म्हणजे फडावरची झोपडी दिसते, आई कोयता धुताना दिसते, पोरगं तिला शाळेतली बेरीज करून दाखवतं. ही गोष्ट क्षुल्लक आहे असं ज्याला वाटतं त्याच्या घरातून कुणी सहा महिने बाहेर गेलेलं नसावं. पण त्या फोनमुळे स्थलांतर थांबलं नाही, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही, मुकादमाची पकड सुटली नाही. फोनचे आभार मानून ऊसतोडीचा प्रश्न सुटल्यासारखं वागणं आणि फोनला शिव्या देऊन जुनं गाव परत येईल असं मानणं, दोन्ही सारखंच.

तर मुलांकडे येऊ, कारण वादाची सुरुवात नेहमी त्यांच्यापासून होते. मूल तासन्‌तास पडद्याला चिकटतं, त्याचे डोळे, झोप आणि चित्त बिघडतं, ही काळजी मी खरी धरते. फोन काढून घेणाऱ्या आई-बापांशी माझं भांडण नाही. पण काढून घेतल्यावर पुढे काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेला मैदान असावं असं लिहिलेलं आहे. शहरातल्या कितीतरी शाळा इमारतीच्या एक-दोन मजल्यांवर भरतात. ज्यांना मैदान आहे त्यांतल्या अनेकांचं फाटक शाळा सुटली की बंद होतं. लग्नसराईत मंडपासाठी मात्र ते उघडतं. तुमच्या पालिकेच्या शाळेचं मैदान संध्याकाळी सहा ते आठ मोहल्ल्यातल्या पोरांना का मिळत नाही, त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते की नगरसेवकांच्या माणसाकडे, आणि उघडायचं ठरलं तर रखवालदाराच्या दोन तासांचा पगार कोणत्या खात्यातून जाईल, हे विचारायला वॉर्ड ऑफिसात एक अर्ज लागतो. पुढच्या मे महिन्यात यादी पाठवणाऱ्या काकांनी आणि तिच्यावर हसणाऱ्या भाच्यांनी तो मिळून लिहावा. टाईप करायचं काम भाच्यांनी करावं, काकांना तेवढी सूट.